गाण्यांच्या फोल्डरला नाव कोण देणार?

गेल्या वर्षी एका मित्राने मला पेन ड्राइव्ह दिला. "तुला जुन्या गाण्यांचं वेड आहे ना, सगळं भरून दिलंय. ऐकत बस," म्हणाला. घरी येऊन संगणकाला लावला, तर आत चार फोल्डर होते. हिंदी, मराठी, भक्ती आणि मुस्लीम.

साहजिकच मी चौथा आधी उघडला. आत कव्वाल्या होत्या, नात होत्या. त्यांच्याखाली उस्ताद अब्दुल करीम खाँ होते आणि त्यांच्याही खाली शाहीर अमर शेख.

आधी हसू आले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. कामगार चळवळीत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या माणसाने मराठीत गाऊन मैदाने भरवली. ते 'मराठी' फोल्डरात नाहीत. खाँसाहेबांचे प्रकरण त्याहून अवघड. जन्म उत्तरेतल्या कैराना गावचा, पण माणूस मिरजेचा झाला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. ठुमऱ्या हिंदीत गायल्या, नाट्यपदे मराठीत गायली, त्यागराजांच्या तेलुगू कृतीचीही तबकडी केली. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना मिरजेला आणून दर्ग्यात दफन केले. ते 'मुस्लीम'मध्ये. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर 'मराठी'मध्ये. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, तेही 'मराठी'मध्ये. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी 'भक्ती'मध्ये. एकाच घराण्याच्या वाटण्या झालेल्या. बाप एका फोल्डरात, लेक दुसऱ्यात.

मित्राच्या मनात काही नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. घाईघाईत, नावे वाचून त्याने गाणी ओढून टाकली असणार. पण आपल्याकडची बरीचशी वर्गवारी अशीच होते. कुणी वाईट हेतूने करत नाही, कुणी ऐकूनही करत नाही. नाव वाचतात आणि ओढून टाकतात.

तेव्हापासून मी भेटेल त्याला एक गोष्ट सांगत सुटलो आहे, आज ती इथे लिहितो. गाण्याची आवड असलेल्या प्रत्येक घरात एक संगणक गाण्यासाठी राखून ठेवावा. आपली गाणी त्यात आपण भरावीत आणि त्यांची नावे आपल्या हाताने लिहावीत.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. फोनवर सगळे मिळते, मग हा खटाटोप कशाला? फोनवर पुष्कळ मिळते हे मलाही मान्य आहे. मीही दरमहा पैसे भरतो, नवे काही ऐकायचे तर तिथेच शोधतो, आणि त्यासाठी त्याहून चांगली सोय नाही. पण वर्षानुवर्षे ऐकत आलेला एक अल्बम एका सकाळी तिथे नव्हता. नाव दिसत होते, पण करड्या अक्षरांत, बोट लावले तरी वाजेना. कंपन्यांचा आपसातला करार संपला असेल. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मी तिथे भाडेकरू. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. तिथे खाँसाहेबांच्या नावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगे आहेत आणि प्रत्येकाखाली वेगळी गाणी आहेत. ती एकत्र करण्याचा अधिकार मला नाही.

दुसरे कारण घरगुती आहे. माझे वडील रेल्वेत होते. आमचे सगळे बालपण मिरज जंक्शनच्या आसपास गेले. तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले. कपडे, पुस्तके, कागदपत्रे यांची वासलात लागली, पण दोन पत्र्याच्या पेट्या कुणी उघडेना. त्यात कॅसेटी होत्या. एकशे ऐंशी.

मिरजेत वाढलेल्या माणसाच्या घरात एवढ्या कॅसेटी निघाव्यात यात नवल काही नाही. सतार आणि तंबोरे घडवणारी घरे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या गल्लीतून जाताना लाकूड तासण्याचा आणि तारा लावण्याचा आवाज एकत्र येतो. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे होते. अब्बांना गाता काहीच येत नव्हते, पण ड्युटी नसेल तर ते तिथे खांबाला टेकून बसलेले असत. मांडीवर टू-इन-वन.

पेट्या उघडल्यावर मी पहिली चूक केली, ती कुणी करू नये. पहिल्या कॅसेटपासून क्रमाने संगणकात भरायला लागलो. सीडी संगणकात पाच-दहा मिनिटांत उतरते. कॅसेट तसे करत नाही. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो. एकशे ऐंशी कॅसेटी म्हणजे सरासरी एकशे ऐंशी तास, रोज दोन तास बसलो तरी नव्वद दिवस. आठव्या दिवशी दमलो. मग वही घेऊन यादी केली. दीडशेच्या आसपास कॅसेटी बाजारातल्या होत्या. सिनेमाची गाणी, नाट्यगीते, छापील कव्हरच्या कव्वाल्या. यातले बहुतेक सगळे सीडीवर किंवा इतरत्र चांगल्या आवाजात मिळते. ते पुन्हा झिजलेल्या फितीवरून उतरवण्यात काही अर्थ नाही. उरल्या तीसेक कॅसेटी. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून रात्री घेतलेली गाणी, उरुसातली गाणी आणि काही घरातली. या कॅसेटींची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. काम तेवढेच होते.

संगणक नवा घेऊ नका. माझ्या मुलीचा जुना लॅपटॉप पडून होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ त्या लॅपटॉपवर चढत नव्हते. भंगारवाल्याने जो भाव सांगितला त्यात दोन किलो आंबेही आले नसते. त्यावर लिनक्स मिंट टाकले, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, आणि खरखर न करणारे यंत्र तयार झाले. गाणी वाजवायला फार ताकद लागतच नाही. लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे वीज गेली तरी रेकॉर्डिंग निदान संगणकाच्या बाजूने तुटत नाही.

मात्र लॅपटॉपला बहुधा कानाला लावायच्या हेडफोनचे एकच भोक असते. त्यात माइकची जी सोय असते ती एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो. कॅसेट डेकची वायर त्यात खुपसली तर डावे-उजवे एक होते आणि आवाज फाटतो. जुन्या टेबलावरच्या संगणकाला मागे तीन रंगांची भोके असतात. त्यातले निळे लाइन-इनचे, गुलाबी माइकचे. डेक निळ्यात लावायचा. लॅपटॉप असेल तर यूएसबीवर चालणारी लाइन-इनची छोटी डबी घ्यावी लागते. एवढाच काय तो खर्च, आणि जुन्या बाजारातून आणलेला कॅसेट डेक. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातूनही काम निभते, पण आवाजात घरघर येते.

डेक आणल्यावर आधी त्याचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसा. कापूस तपकिरी निघेल, पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू. हेड फितीला अगदी काटकोनात नसेल तर आवाज रजईतून आल्यासारखा येतो. कॅसेट वाजत असताना तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा. एका जागी अचानक तंबोऱ्याची जवारी उघडते, तिथे थांबायचे. हे मी मिरजेतल्या एका वाद्यकारासमोर करून दाखवले तेव्हा ते म्हणाले, आम्ही दोरा घालतो तेच हे. त्यांचा दोरा तारेखाली असतो आणि माझा स्क्रू हेडच्या बाजूला, पण कान एकाच गोष्टीसाठी टवकारलेले असतात.

पावसाळ्यात बुरशी आलेल्या फिती निघाल्या. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा काही कॅसेटींत गळून पडला होता. बाजारातली नको असलेली कॅसेट उघडून तिच्यातला काढून इकडे बसवला. घराच्या वायरिंगमुळे एक बारीक गुणगुण सतत येत होती. चार दिवस वायरी बदलत बसलो. शेवटी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि गुणगुण गेली.

संगणकात उतरवायला ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरतो. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागीही उणे सहा डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. लहान आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत नाही. साठवायचे ते फ्लॅकमध्ये. एमपी३ जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देते. फ्लॅक म्हणजे नीट घडी घालून ठेवलेला कपडा, उलगडला की होता तसाच. चोवीस बिट आणि अठ्ठेचाळीस हजार हर्ट्झने उतरवलेला एक तास घडी न घालता सुमारे एक जीबी होतो, घडी घातल्यावर साधारण निम्मा. तीस कॅसेटी, म्हणजे पंधरा-वीस जीबी. मित्राच्या त्या पेन ड्राइव्हवर मावतील एवढ्या.

शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्यांसाठी फ्लॅकचे आणखी एक कारण आहे. विलंबित आणि द्रुत हे एकाच मैफलीचे दोन तुकडे असतात, पण सीडीवर ते दोन ट्रॅक असतात. एमपी३मध्ये त्यांच्या सांध्यावर पुष्कळदा पापणी लवावी एवढी फट पडते. सिनेमाच्या गाण्यात ती कळतही नाही. तंबोरा चालू असताना पडली की ठेच लागते.

वाजवण्याची बाजू सोपी आहे. संगणकातल्या आकड्यांचा पुन्हा विजेचा आवाज करणारी डबी, तिला डॅक म्हणतात. साधी यूएसबी डॅक घ्या आणि ती घरातल्या जुन्या अॅम्प्लिफायरला लावा. संगणकाचा आवाज पूर्ण ठेवा, कमी-जास्त अॅम्प्लिफायरवर करा. संगणकाच्या सगळ्या सूचना बंद करा, नाहीतर भैरवीच्या मध्ये 'टिंग' होते. माझ्या लॅपटॉपवर एमपीडी नावाचा छोटा प्रोग्राम आहे. लॅपटॉप कपाटात बंद असतो आणि गाणे फोनवरून निवडतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. या वाटेवर एक बाजारपेठ बसलेली आहे. हजारो रुपयांची यूएसबी वायर, सोन्याचा मुलामा दिलेला प्लग, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झच्या फाइली. खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणे फारसे नाहीच, वर जे आहे ती मुख्यत्वे चरचर. ती चरचर एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झने ऐकायची हौस असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

आता नावांकडे येतो, कारण माझ्या मते खरे काम तेच आहे, आणि तेच लोक टाळतात.

सीडी संगणकात घातली की तो इंटरनेटवरून नावे आपोआप भरतो. माझ्याकडच्या कितीतरी सीडींवर संगीतप्रकार म्हणून 'वर्ल्ड' असे आले. आपण आणि आपले गाणे सोडून बाकीचे जग बहुधा या 'वर्ल्ड'च्या बाहेर असावे! ते पुसून मी तिथे घराणे लिहायला सुरुवात केली. किराणा, जयपूर, आग्रा, ग्वाल्हेर. शाहिरीला शाहिरी, कव्वालीला कव्वाली, लावणीला लावणी.

मग कलाकारांच्या नावांची यादी उघडली आणि एक गंमत दिसली. मी अदबीने प्रत्येकामागे 'उस्ताद' किंवा 'पंडित' लिहिले होते. संगणक अक्षरांच्या क्रमाने लावतो. त्याने सगळे 'उ' एकीकडे गोळा केले आणि सगळे 'पं' दुसरीकडे. वरती एक मोहल्ला, मधे बरेच अंतर, खाली दुसरी आळी. मित्राच्या चार फोल्डरांवर मी हसलो होतो, आणि इथे माझ्याच अदबीने तेच केले होते.

रात्री बसून सगळ्या उपाध्या काढल्या. हात अडखळला, खोटे कशाला सांगू. ज्यांचे नाव घेताना अब्बा कानाच्या पाळीला हात लावत, त्यांचे नुसते नाव लिहायचे. पण आता यादी 'अ'ने सुरू होते आणि अब्दुल करीम खाँ, अब्दुल वहीद खाँ, अमर शेख ही नावे ओळीने येतात. 'ब'मध्ये बडे गुलाम अली खाँ, बालगंधर्व आणि बिस्मिल्ला खाँ शेजारी शेजारी राहतात. संगीतप्रकारात 'किराणा' निवडले की बाप, लेक, शिष्य, शिष्याचे शिष्य एका घरात येतात. सुरेशबाबू माने, हिराबाई, सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन, आणि १९४८ साली पाकिस्तानात गेलेल्या रोशनआरा बेगमही. त्यांनी तालीम खाँसाहेबांकडेच घेतली होती.

यावर एका वाचनप्रेमी स्नेह्यांचे म्हणणे पडले की यात एवढे काय, गाणे कानाला गोड लागल्याशी कारण. असेलही. पण माझ्या मुलीने भीमसेनांचे गाणे ऐकता ऐकता सहज वर बोट सरकवले आणि विचारले, "हे अब्दुल करीम कोण?" पेन ड्राइव्हमध्ये तिने तो प्रश्न विचारला नसता, कारण 'भक्ती' ऐकताना 'मुस्लीम' फोल्डर कोण उघडतो? आणि उलटही खरे आहे. आपल्यातल्या किती मुलांना अमर शेख हे नाव आपल्या घरचे, आपल्या भाषेचे म्हणून ठाऊक आहे? दुसऱ्यांनी आपल्याला कुठल्या फोल्डरात टाकले याची तक्रार आपण पुष्कळ करतो, रास्तही करतो. स्वतःच्या हाताने लेबल लिहायची वेळ आली की मात्र कंटाळा करतो.

कायद्याची शंका काहींना येते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या त्यातून केव्हाच मोकळ्या झाल्या. त्यानंतरचे जे असेल ते स्वतः ऐकण्यापुरते घरात ठेवावे, वाटत सुटू नये. मित्राने केले तसे करू नये, म्हणजे झाले.

प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमच्या एका नातेवाइकांच्या घरातले फोटोंचे अल्बम आणि कॅसेटी खालच्या मजल्यावर होत्या. मूळ आणि प्रत एकाच कपाटात. पाणी ओसरल्यावर त्यांनी फिती दोरीवर वाळत घातल्या होत्या. ते दृश्य मी विसरू शकत नाही. माझी तिसरी प्रत बहिणीकडे कोल्हापूरला आहे.

शेवटी त्या घरातल्या कॅसेटींतली एक. वर अब्बांच्या अक्षरात १९८७ एवढेच लिहिलेले. फुफीच्या लग्नातली हळदीची रात्र. ढोलकीवर दादी गातेय, दखनीत, आणि मध्येच कुणीतरी जात्याची आठवण काढली म्हणून चार ओव्या मराठीत म्हणतेय. भाषेच्या रकान्यात काय लिहावे यावर मी बराच वेळ थांबलो. संगणकाला एकच भाषा हवी असते. मी दोन्ही लिहिल्या.

बॅटरी उतरत आलेली असताना रेकॉर्ड केली असणार, कारण वाजवताना सगळे घाईत आणि वरच्या पट्टीत येत होते. दादी पंधरा वर्षांच्या मुलीसारखी. सुरुवातीला अब्बा तारीख सांगतात. त्यांचा आवाज मला ओळखू येईपर्यंत वेग कमी करत गेलो. चार टक्क्यांवर अब्बा सापडले आणि त्यांच्यामागोमाग दादीही.

मग उत्साहाच्या भरात आवाजातली खरखर काढणारे हत्यार चालवले. ऑडॅसिटीत ते आहे. नुसत्या खरखरीचा तुकडा त्याला दाखवायचा, मग ते सगळीकडून तशी खरखर काढते. काढली. स्वच्छ झाले. दोन दिवस खूश होतो. ईदला फुफी आली तेव्हा मोठ्या अभिमानाने लावले. तिने जरा वेळ ऐकले आणि म्हणाली, "अम्मा विहिरीत बसून गाती का रे?"

खरेच होते. खरखरीबरोबर बांगड्यांचा किणकिणाट पातळ होऊन गेला होता. दादी ओळीच्या आधी श्वास घेते तो कापला गेला होता. तिसऱ्या ओवीत जंक्शनवरून गाडीची शिट्टी येते, तिचा नुसता बुडबुडा उरला होता. नशिबाने मूळ फाइल पुसली नव्हती. ती कधीच पुसू नका. साफसफाई करायची ती प्रतीवर.

माझा धाकटा भाऊ गेली दहा-बारा वर्षे गाणे ऐकत नाही. ऐकावे की नाही हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि मला त्यात पडायचे नाही. त्याचा निर्णय त्याचा आहे, आमच्यात त्यावरून कधी बोलाचाली नाही. अब्बांच्या पेट्यांचे मी काय करतोय हे त्याने एकदाही विचारले नव्हते. फुफी येऊन गेल्यावर आठवड्याने रात्री त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे झाले, आणि मग म्हणाला, "भाई, मेरेकू दादीका आवाज होना."

मी सांगितले की दोन फाइली आहेत, एक साफ केलेली आणि एक खरखरीची. साफ केलेलीत शब्द जास्त कळतात.

"गाडी कौन्से में है?" त्याने विचारले.

खरखरीची पाठवली. तेहतीस मिनिटांची फाइल, तीनशे एमबीच्या वर. त्याच्या फोनवर उतरायला बराच वेळ लागला. तोवर तो फोन न ठेवता थांबला होता.